खालच्या अंगाचं पाणी
(नगर येथे युवकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिकपुरतं. आज मी गटारावर बोलणार आहे. हसू नका. कवीनं चंद्रावरच बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या घरची मोरी कुठं जाते ते आधी सांगावं.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, सीनाकाठी. आजी सांगायची, नदीवर पाणवठे दोन. वरच्या अंगाला गावाचा, खालच्या अंगाला आपला. गावानं धुवायचं, आपण प्यायचं. नदी उतारानं वाहते हे शाळेत शिकलो. जातही उतारानंच वाहते, हे आजीनं शिकवलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. पाण्याला हात लावायचा हक्क मिळाला. ते पाणी पिण्याजोगं राहावं, ही लढाई उरलीय.

२०२४ साली शहराचं नाव अहिल्यानगर झालं. नाव बदललं, नदी तीच. उन्हाळ्यात सीनेला स्वतःचं पाणी नसतं. शहर जे सोडतं, तेच नदी म्हणून पुढं जातं. कर्जतवरून पार सोलापूरपर्यंत. पाणी घाण करू नका हा कायदा महाराष्ट्रानं १९६९ ला केला, देशानं १९७४ ला. कागद जुने झाले, घाण ताजीच.

यावर इलाज आहे. मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र. त्यात जादू नाही. आधी जाळी कचरा अडवते. मग वाळू-माती खाली बसते. मग मोठ्या टाकीत ब्लोअर खालून हवा सोडतो आणि त्या हवेवर जगणारे जीवाणू घाण खातात. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी क्लोरीन घालून सोडतात. ते शेताला चालतं, नदीलाही चालतं. ब्लोअर बंद पडला की जीवाणू गुदमरतात आणि सगळा कारखाना नुसता देखावा होतो. म्हणून फीत कापणाऱ्याला टाळ्या वाजवू नका. वीजबिल कोण भरतं ते विचारा.

आता खरी गोष्ट ऐका. जीवाणूला हवा मिळावी म्हणून यंत्र आहे. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसासाठी काय आहे? खाली विषारी वायू. एक उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. दोघांची जात विचारायची गरज पडत नाही. २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं उतरवणं गुन्हा ठरवलं. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ ला तीस लाख. भरपाई वाढली. उतरवणारे थांबले का?

मग आपण काय मागायचं? केंद्र पाहिजेच, खालच्या अंगाला आपली माणसं राहतात. पण त्याची दुर्गंधी पुन्हा आपल्याच वस्तीच्या दारात नको. गटारात यंत्र उतरू दे, माणूस नको. काम कंत्राटी नको, कायम पाहिजे. आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आपली पोरगी बसली पाहिजे, हातात झाडू नाही, काचेची नळी घेऊन.

ज्यांनी हजार वर्षं दुसऱ्यांची घाण उपसली, त्यांनी आता हिशेब मागायचा. रोज किती पाणी आलं, किती शुद्ध झालं, किती तसंच सोडलं. नगरपालिका असो की महापालिका, दारात उभं राहून मागायचा.

जयभीम!