नजर आधी कोणावर जाते?

(रायपूरच्या पंडरी कापड बाजारात काम करणाऱ्यांच्या बैठकीतील भाषण)



मी इथल्या एका ठोक दुकानात अकरा वर्षं बिलं बनवतो आहे. सुरुवातीला शेजारच्या टेबलावर शेठच्या नात्यातला एक जण होता. दोघांचं काम एकच. पहिल्याच दिवशी शेठनं मला विचारलं, "पूरा नाम?" मी आडनावासकट सांगितलं. तेव्हापासून माझं प्रत्येक बिल तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती जाईना. मी मोजलेले तागे पुन्हा मोजले जायचे. चहाला गेलो की फोन यायचा. शेजाऱ्याचं बिल चुकलं तर शेठ म्हणायचे, "होतं कधी कधी." माझं चुकलं तर, "म्हणूनच लक्ष ठेवावं लागतं." आणि बरोबर आलं तर? "लक्ष ठेवतो म्हणून बरोबर येतं."

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. लॉइड स्ट्रिकलंड या मानसशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. देखरेख करणाऱ्याच्या हाताखाली दोन कामगार दिले. एकावर जास्त वेळा नजर ठेवायला लावलं, दुसऱ्यावर कमी. दोघांचं काम सारखंच भरलं. तरी ज्याच्यावर जास्त नजर होती, त्याच्यावरच विश्वास कमी बसला. पुढे मोकळीक दिली तेव्हाही त्याच्यावरच जास्त पहारा राहिला. कारण त्याचं चांगलं काम त्याच्या नावावर जमाच होत नाही, ते पहाऱ्याच्या खात्यात जातं.

म्हणजे अविश्वासातून पहारा येतो, तसाच पहाऱ्यातून अविश्वास वाढतो. मग पहिली नजर कोणावर जाते? ते प्रयोगात प्रयोग करणाऱ्यानं ठरवलं होतं. आपल्याकडे ते बऱ्याचदा आडनाव ठरवतं. मालकाला नुकसानीची धास्ती असते, हे मी नाकारत नाही. पण ती धास्ती कोणाकडे बोट दाखवते, ते बघा. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानात अधिकारी होते, तरी शिपाई त्यांच्याकडे फायली लांबूनच फेकत. खुर्ची बदलली म्हणून नजर बदलत नाही.

आता माझीच गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी माझ्या हाताखाली दोन पोरं दिली. महिन्याभरानं लक्षात आलं, मी एकाचीच बिलं दोनदा तपासतो आहे. तो सतनामी समाजाचा, खेड्यातून आलेला. त्याच्या चुका जास्त नव्हत्या. मी मोजल्याच नव्हत्या! शेठची नजर माझ्या डोळ्यांत कधी येऊन बसली, कळलंच नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली ती हीच. प्रत्येकाला खाली बघायला कोणीतरी हवं असतं.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी नियम केला. दोघांची दर दहा बिलांतली दोन, डोळे मिटून उचलायची आणि तपासायची. चुका वहीत लिहायच्या. महिनाअखेरीस दोघांच्या चुका जवळपास सारख्या निघाल्या. मी त्या पोराची माफी मागितली. तो म्हणाला, "भैया, मला वाटायचं मलाच काम जमत नाही."

अकरा वर्षांपूर्वी मलाही हेच वाटायचं.

म्हणून मालकाकडे एवढंच मागा: तपासणी करा, पण सगळ्यांची सारखी आणि लेखी. आणि उद्या आपल्या हाती तपासणी आली, तर आधी स्वतःची नजर तपासा.

जय भीम, जय सतनाम.