लॅपटॉप जोडून घ्यावा की तयार?

आमच्या ग्रामसंघाने हिशेबासाठी लॅपटॉप घ्यायचा ठराव केला आणि बैठकीत वाद लागला. एका ताईंचा मुलगा म्हणाला, "सुटे भाग आणून मी जोडून देतो, निम्म्या पैशात होईल." पैसे थेंबाथेंबाने जमलेले, मोह झालाच!

मग आम्ही तिघी तालुक्याला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने एक बंद पडलेला लॅपटॉप उघडून दाखवला. टेबलावरचा कॉम्प्युटर जोडता येतो, कारण त्याचे बरेच भाग ठरलेल्या मापाचे असतात. लॅपटॉपचं ब्लाउजसारखं असतं, एकीचा दुसरीला बसत नाही. मदरबोर्ड, बॅटरी, कीबोर्ड बहुतेक त्या-त्या मॉडेलचेच लागतात. सुटे घेतले तर महाग पडतात, आणि वॉरंटीसाठी दहा दारं.

रॅम आणि एसएसडी मात्र बऱ्याच लॅपटॉपमध्ये नंतर बदलता येतात. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच डाख देऊन बसवलेली असते, ती वाढवता येत नाही. घेताना हे आधी विचारा. आम्ही ८ जीबी रॅमचा, एक खाच रिकामी असलेला तयार लॅपटॉप घेतला. पक्कं बिल ग्रामसंघाच्या नावाने मागितलं. दुकानदार "कशाला?" म्हणाला, आम्ही हललो नाही.

त्या मुलाची हौसही राहिली नाही. सीआरपीताईंच्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून त्याने एसएसडी बसवली. पूर्वी तो चालू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आता चहाला उकळीही येत नाही.