दहा दिवसांची धुरा

लोकप्रतिनिधीची थोरवी त्याच्या पदाच्या मुदतीवरून मोजावी काय? रत्नागिरी जिल्ह्यापुरतें या प्रश्नाचें उत्तर चिपळूणचे आमदार परशुराम कृष्णाजी तथा बाळासाहेब सावंत यांच्या चरित्रांत सांपडतें.

१९६२ सालीं चीनचें आक्रमण झालें व यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्यांच्या जागीं आलेले मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ रोजीं मुख्यमंत्रिपदावर असतांनाच निवर्तले. राज्यस्थापनेस पुरीं चार वर्षेंहि झालीं नव्हतीं. राज्यशकट अडूं नये म्हणून हंगामी मुख्यमंत्रिपदाची धुरा सावंतांकडे आली. पुढें वसंतराव नाईक यांची निवड झाली आणि ५ डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले. नाईकांची कारकीर्द अकरा वर्षांहून अधिक चालली. सावंतांची जेमतेम दहा दिवस!

मुख्यमंत्र्यांच्या यादींत म्हणूनच हें नांव एका ओळींत आटोपतें. परंतु १९७२ सालीं दापोलीस स्थापन झालेलें कोंकण कृषि विद्यापीठ आज डॉ. बाळासाहेब सावंत यांच्याच नांवानें ओळखलें जातें. भात, आंबा, काजू, नारळ यांचा ध्यास घेतलेल्या त्या संस्थेमुळें बागाईतदाराच्या मुखीं तें नांव अद्यापि आहे.

श्रोतेहो, खुर्चीची मुदत राजकारण ठरवितें. नांवाची मुदत लोक ठरवितात. मत मागणाऱ्यानें आणि देणाऱ्यानेंहि एवढें ध्यानीं ठेवावें.