जुन्या गाडीची खरी ओळख

शिरूर-दौंडकडे कुणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली जुनी स्पोर्ट्स कार उभी असेल, तर नुसत्या नंबर प्लेटवर विसंबू नका. बॉनेट उघडा. इंजिनमागच्या पत्र्यावर रिव्हेट मारलेली नंबरची पट्टी बहुधा सापडेल. पण पट्टी बदलता येते. चेसिसवर ठोकलेला नंबर जास्त मोलाचा. डिझेलमध्ये भिजवलेला बोळा हलक्या हाताने फिरवा, कागद धरून पेन्सिल घासा, अंक उमटतात. पॉलिश पेपर मात्र मुळीच नको, ठसा एकदा गेला की गेला! रांजणगावच्या कारखान्यात आज बनणाऱ्या गाडीच्या चेसिस नंबरात १७ अंकाक्षरं असतात, जुन्या गाडीवर बहुधा कमी. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. २०२१च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अर्जापूर्वी दोन्ही नंबर आरसी बुकाशी जरूर ताडून पाहा.