तेरची बाहुली आणि हत्तीचा सुळा



गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण तेरला जातो. पुढच्या खेपेला तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयही बघा. सातवाहन काळातली हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती तेरला सापडली. तशीच एक मूर्ती १९३८ साली पार इटलीत, पॉम्पेईच्या उत्खननात निघाली. हस्तिदंताची हौस अशी दोन हजार वर्षांची जुनी आहे.

पण हौस एकाची, जीव दुसऱ्याचा. हत्तीचा सुळा बराचसा कवटीत रुतलेला असतो. तो मुळापासून काढायला शिकारी हत्तीलाच मारतो. आपल्या देशात मोठे सुळे फक्त नराला येतात. केरळच्या पेरियार जंगलात नर इतके मारले गेले, की माद्या उरल्या आणि पिलं घटली. घरातले कर्ते गेले की घराचं काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.

१९८६ साली आपल्या देशात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. तरी चोरून विक्री होते, कारण घेणारे आहेत.

आपल्याकडे हस्तिदंत कोण घेतंय, असं म्हणाल. पण “हत्तीच्या केसाची अंगठी घ्या, लेकराला नजर लागत नाही” असं म्हणणारा विक्रेता भेटतोच ना? बायांनो, ती अंगठी खरी असेल तर गुन्हा, खोटी असेल तर फसवणूक. दोन्हीकडून पैसा आपलाच जातो.

असा माल दिसला तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. घेणारा हात थांबला, की मारणारा हातही थांबेल.