सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘आपली जपानची सहल’. गेल्या मेळाव्यात जेवताना ठरलं होतं, की एकदा सगळ्यांनी मिळून साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला जायचं. त्यानंतर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फुलांचे फोटो भरपूर आले, तारीख काही आली नाही. दरम्यान त्या पंगतीतले दोघे आपल्यातून गेले. म्हणून आज मी तारखा घेऊनच उभी आहे. माझी मुलगी काही वर्षं ओसाकाला नोकरीत होती, त्यामुळे माझ्या तिकडे दोन फेऱ्या झाल्या आहेत. तेवढ्या अनुभवावर बोलते.

पहिला प्रश्न, कधी जायचं? टोकियो आणि क्योटोला साधारणपणे मार्चचा शेवट ते एप्रिलची सुरुवात हा बहराचा काळ. तिथलं हवामान खातं काही ठरावीक झाडांवर नजर ठेवून असतं. टोकियोतलं असं झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली, की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. सगळीकडे दिसणारी सोमेई-योशिनो ही जात कलमांनी वाढवलेली आहे, त्यामुळे एका भागातली झाडं एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो.

आता आपल्यात सीए आणि बँकवाले किती आहेत ते पाहा. साकुरा नेमका मार्च एंडला येतो! त्यामुळे माझा प्रस्ताव असा : ३१ मार्चला खाती बंद करा आणि २ एप्रिलला विमानात बसा. आधी ओसाकाला उतरून थेट क्योटोला जाऊ. मुख्य बहर ओसरू लागला असला, तरी तिथल्या निन्नाजी मंदिरातली बुटकी ओमुरो चेरी उशिरा फुलते, ती आपला विमा समजा. टोकियो शेवटी. तिथल्या पाकळ्या तोवर गळलेल्या असतील, पण आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिराचा मोठा लाल कंदील कुठे जात नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आपली एक मैत्रीण मला फोनवर म्हणाली, “माझे गुडघे असे. तुम्ही जाऊन या गं, मी फोटो बघीन.” हे वाक्य ऐकल्यावर मी टूर कंपनीचा कार्यक्रम बाजूला ठेवला. आठ दिवसांत सहा शहरं, रोज नवी खोली, रोज बॅगा भरायच्या, हे आपल्या वयाचं काम नाही. मी नव्याने आखलेल्या बेतात क्योटोला सलग सहा रात्री आहेत आणि सकाळी एकच मंदिर. किनकाकुजी, म्हणजे सोनेरी मंदिर, एका सकाळी. ते १९५० मध्ये जळालं आणि १९५५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. फुशिमी इनारीच्या लाल कमानींच्या रांगा डोंगरावर चढत जातात. ज्यांना चढायचंय ते चढतील, बाकीचे खालच्या कमानींतून फिरून चहाला बसतील. ‘तत्त्वज्ञाचा रस्ता’ म्हणून कालव्याकाठची सुमारे दोन किलोमीटरची पायवाट आहे, सपाट आणि चेरीच्या झाडांची. ती सगळ्यांनी मिळून चालायची. मोठ्या बॅगा ताक्क्यूबिन या कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवता येतात, उचलायला नकोत.

नारा क्योटोहून लोकलने तासाच्या आत. तोदाइजीतल्या प्रचंड काशाच्या बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ मध्ये रेखले, ते भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, असं सांगतात. म्हणजे डोळे रेखताना सगळ्यांचा हात लागला.

आणि एक पूर्ण दिवस हिरोशिमासाठी. इतिहासाच्या तासाला ६ ऑगस्ट १९४५ ही तारीख आपण पाठ केली. तिथल्या शांती उद्यानात सादाको सासाकी या मुलीचं स्मारक आहे. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. बाराव्या वर्षी, १९५५ मध्ये, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात ती कागदाचे करकोचे करत असे. तिच्या वर्गातल्या मुलांनी पुढाकार घेतला, देशभरातल्या शाळांनी पैसे दिले आणि १९५८ मध्ये ते स्मारक उभं राहिलं. वर्गमित्रांनी उभं केलेलं स्मारक आपल्या वर्गाने पाहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता खर्च. परदेशी प्रवाशांचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. आपण क्योटो-हिरोशिमा जाऊन-येऊन आणि पुढे क्योटो-टोकियो एवढाच शिंकान्सेनचा प्रवास करणार, त्याला सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना : साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो. विचारून खा. देवळांच्या परंपरेतलं शोजिन र्‍योरी हे जेवण मात्र शाकाहारी असतं. भात सगळीकडे मिळतो, मेतकूट मी आणते.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. महिनाअखेरपर्यंत नावं हवीत, कारण बहराच्या दिवसांत क्योटोतल्या खोल्या फार लवकर भरतात. पहिलं नाव मी त्या गुडघेवालीचं लिहिलंय, तिला न विचारता. दुसरं माझं. आपण तिच्या वेगाने चालणार आहोत, तेव्हा “मला झेपेल का” हा प्रश्न आता कुणालाच पडायला नको.