इंजिनाचा रंग आणि रंगाखालचे लोखंड
(मंडळाच्या सभेतील भाषण)



आपले अभनपूर म्हणजे वाटा फुटण्याचे गाव. रायपूरहून आलेला रस्ता येथून धमतरीकडे व राजिमकडे जातो. जुनी छोटी रेल्वेही येथेच दुभंगत असे. तिचे दिवस सरले आणि ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर दरम्यान मोठ्या रुळांवरून गाडी सुरू झाली. तरीही नागपूरकडे लग्नकार्याला निघायचे म्हटले की अनेक घरांची भिस्त स्वतःच्या मोटारीवरच असते. म्हणून तिच्या इंजिनाला टिकाऊ व देखणा रंग कसा द्यावा, हा विषय आम्ही आज घेतला आहे.

इंजिनाला रंग हवाच कशाला, असे कोणी विचारील. बिडाचा ब्लॉक उघडा राहिला की गंजतो, हे एक कारण. दुसरे त्याहून मोलाचे. स्वच्छ, फिक्या रंगावर तेलाचा एक थेंब पाझरला तरी तो डोळ्यांत भरतो. मळकट इंजिनावर तीच गळती महिनोन्महिने लपून राहते आणि एखाद्या रात्री आडरस्त्यावर गाडी उभी राहते. दोष झाकणे नव्हे, दोष दाखविणे हेच या रंगाचे खरे काम होय.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना उमगत नाही, हे कळल्यावर त्यांनी चित्रकला सोडून यांत्रिक रेखांकनाची कास धरली. पुढे त्यांच्याच घराण्याने १९४६ मध्ये पुण्यास तेल-इंजिनांचा स्वतंत्र उद्योग उभारला. यंत्राच्या रंगकामातही डोळ्यांपेक्षा हाताचे कष्ट अधिक कामी येतात.

हे कष्ट रंगाचा डबा उघडण्यापूर्वीचे असतात. तेलाचा पुसटसा थर राहिला तरी त्यावरचा रंग पापुद्रे धरून सुटतो. सुटे भाग प्रथम रॉकेलने, मग गरम साबणाच्या पाण्याने धुवावेत. पेट्रोल मात्र कदापि वापरू नये. गंज वायर ब्रशने व एमरी पेपरने काढून भाग पूर्ण वाळवावा. बिडासाठी चालणारा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो. हेड किंवा रॉकर कव्हर त्यात बुडवू नये. गॅसकेट बसण्याच्या जागा, बेअरिंगची घरे, तेलाची छिद्रे व अर्थिंगची जागा चिकटपट्टीने झाकावी. वाळूच्या फवाऱ्याने भाग साफ केला असेल, तर तेलाच्या वाटेत राहिलेला एक कणही बेअरिंगचा घात करतो.

मग प्रश्न उष्णतेचा. ब्लॉकच्या आतील पाणी सुमारे ९० अंशांवर खेळते. तेथे चांगला इंजिन एनॅमल पुरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र कित्येक शे अंश तापतो. त्यावर रेड ऑक्साइड व साधा रंग दिला तर दोन्ही जळून झडतात. तेथे सिलिकॉनचा उष्णतारोधक रंग स्वच्छ धातूवर थेट व पातळ द्यावा. तो भट्टीत किंवा इंजिनाच्याच उष्णतेने भाजल्याखेरीज पक्का होत नाही. ॲल्युमिनियमला प्रथम एच प्रायमर हवा. सुट्या कव्हरांना व ब्रॅकेटांना १८० ते २०० अंशांवर भाजलेले पावडर कोटिंग उत्तम बसते. रेडिएटरवर मात्र जाड थर नको. त्याने उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो.

एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात बरे. जाड थर वरून सुकतो, आत थिनर कोंडून राहतो आणि इंजिन तापताच फोड येतात. आपल्याकडील पावसाळा या कामाचा वैरी आहे. दमट हवेत लॅकर पांढरा पडतो. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजिमची जत्रा भरते, त्या सुमाराची कोरडी हवा उत्तम. उडणारी धूळ बसावी म्हणून आधी जमिनीवर पाणी शिंपडावे. रंग वाळल्यावर इंजिन प्रथम दहा मिनिटे चालवून थंड होऊ द्यावे, मग वीस मिनिटे; घाई करू नये.

एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तो औद्योगिक रंगांना लागू नाही. जुना रंग कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा, आणि त्या अंगणात मुलांना खेळू देऊ नये. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगातील हार्डनरच्या वाफेने दम्याचा विकार जडतो. तोंडाला बांधलेला रुमाल तेथे कुचकामी ठरतो. फवारणाऱ्या कारागिराला योग्य श्वसनयंत्र दिलेच पाहिजे. देखण्या इंजिनासाठी कोणा पोराची छाती पणाला लागू नये.

शेवटी, जुनी गाडी घेताना इंजिनावर ताजा, चकचकीत रंग दिसला तर भुलू नका. नटांवर, रबरी नळ्यांवर व गॅसकेटच्या कडांवर रंगाचे शिंतोडे असतील, तर तो रंग इंजिन न उघडता व न धुता मारलेला आहे असे समजावे. गाडी तासभर चालवून पाहावी आणि मग खालून कापड फिरवावे. रंग काय लपवितो, ते कापड सांगेल.